आमचं इंग्रजी कुणी ऐकलंच नाही

माझं कॉलेज सुरू झालं ते मोबाइलवर. साल २०२१. मी गावी, घराच्या गच्चीवर, कारण रेंज तिथेच यायची. पहिलंच लेक्चर ओळख करून देण्याचं. स्क्रीनवर चौकोनच चौकोन, आणि प्रत्येक चौकोन आपलं नाव, गाव आणि ‘मास कम्युनिकेशन का घेतलं’ हे सांगतोय. अर्थातच इंग्रजीत. माझा नंबर जवळ यायला लागला तसा घसा कोरडा पडायला लागला. शेवटी नाव पुकारलं गेलं. मी माइक ऑन केला आणि म्हटलं, ‘गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ...’ पुढे माझं नाव येण्याआधी कुणाचा तरी चालू राहिलेला माइक खुदकन हसला. बस्स. ‘सर, नेटवर्क...’ एवढं म्हणून मी बाहेर पडले.

नेटवर्क फुल होतं. चारही दांड्या.

तुमच्यापैकी जे मराठी शाळेतून आलेत त्यांना हे फार समजावून सांगायला नको. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ असं म्हणत नाहीत, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं. शाळेत आम्हाला ते तसंच शिकवलं होतं. पाहुणे आले की बाई ओळीने उभं करायच्या आणि आम्ही एका सुरात ‘मायसेल्फ’ सुरू करायचो. पाहुणे खूश, बाई खूश, आम्हीही खूश.

आता यातली गंमत ऐका. याच मुलीला दहावीला इंग्रजीत १०० पैकी ८१ मार्क होते. शाळेत दुसरी आलेली मी. ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘टू’ काढून वाक्य लिहा, ‘नो सूनर दॅन’ वापरा, कर्तरीचं कर्मणी करा, डोळे झाकून करायचे. पण दुकानदाराला ‘याचा लहान साइज आहे का’ असं इंग्रजीत विचारायला सांगितलं असतं तर मी दुकानच बदललं असतं. दहा वर्षं शिकलेल्या भाषेत मी एकदाही कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि कुणी मला काही विचारलं नव्हतं. भाषा अवघड होती म्हणून मी गप्प होते असं नाही. दहा वर्षांत बोलायची वेळच आली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या सरकारी शाळा मुलांना इंग्रजीचं पुस्तक देतात, तास देतात, पेपर देतात. मुलाचं इंग्रजी ऐकून घेणारा माणूस मात्र देत नाहीत. आणि दुसरी भाषा पुस्तकातून कमी येते, ऐकून घेणाऱ्या माणसामुळे जास्त येते.

मागचं थोडं सांगते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून आलं. तेव्हा बराच वाद झाला होता म्हणे. मी तेव्हा जन्मलेलीही नव्हते. पण निर्णयामागचा विचार मला आजही पटतो. इंग्रजी ही फक्त पैसेवाल्यांच्या पोरांची मक्तेदारी का असावी? झेडपीच्या पोरालाही पहिल्या दिवसापासून मिळू दे. माझ्या वडिलांनी पाचवीत एबीसीडी गिरवली, मी पहिलीत. या हिशेबाने मी त्यांच्यापेक्षा चार वर्षं पुढे असायला हवी होते. गच्चीवर मात्र आम्ही दोघं सारखेच होतो.

२०२५ मध्ये हिंदीवरून काय रान उठलं ते तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिलला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये त्यात बदल झाला, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विरोध करणाऱ्यांत मीही होते, स्टोऱ्या टाकण्यात तर पुढेच. सहा वर्षांच्या लेकरावर तीन भाषांचं ओझं नको, हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणीच विचारली नाही. पहिलीपासूनची जी दुसरी भाषा पंचवीस वर्षं वर्गात बसलेली आहे, तिचं काय चाललंय? तिसरीवरून भांडताना दुसरीची चौकशी राहूनच गेली. (आणि मंडळाचा विनोद बघा, दहावीच्या मराठी माध्यमाच्या पेपरात इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ असते. पहिलीत दुसरी, दहावीत तिसरी. पोरगं पुढे जातं आणि भाषा मागे.)

चौकशी केली तर काय दिसतं? ‘असर’चा २०२२ चा अहवाल घ्या. देशभरातल्या ग्रामीण भागातल्या मुलांचा. पाचवीतल्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. आठवीत ४६.७ टक्के. म्हणजे आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना तीही वाचता आली नाहीत. २०१६ मध्ये पाचवीचा आकडा २४.७ होता. सहा वर्षांत कितीतरी योजना आल्या आणि गेल्या, आकडा जागचा हलला नाही. आणि ही वाचण्याची गोष्ट झाली. बोलण्याचं मोजायला तर कुणी गेलेलंच नाही.

खरं तर मोजायची एक जागा आहे. दहावीची तोंडी परीक्षा, २० मार्कांची. मुलाला ऐकून समजतं का आणि बोलता येतं का हे बघण्यासाठीच ती ठेवलेली. आमची बॅच २०१९ ची. आमच्या वर्षी अभ्यासक्रम नवा, पेपरचा आराखडा नवा आणि भाषांचे हे २० मार्क बंद. सगळं लेखी. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मग आरडाओरडा झाला, पालक संतापले, अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडतील असं सगळे म्हणाले, आणि पुढच्या वर्षी २० मार्क परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के.

त्या वादातली बाजू आठवा. एक गट म्हणत होता, मार्कांची खिरापत बंद झाली ते बरं झालं. दुसरा म्हणत होता, मुलांवर अन्याय झाला. दोघंही टक्क्यांबद्दल बोलत होते. तोंडी परीक्षा ही मुलाच्या तोंडाबद्दल आहे, हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. माझा धाकटा भाऊ २०२३ ला दहावी झाला. त्याची इंग्रजीची ‘ओरल’ कशी झाली ते त्याने घरी येऊन करून दाखवलं. सरांनी नाव विचारलं, रोल नंबर विचारला, पुस्तकातली एक कविता म्हणायला लावली, ती दोन ओळींवर थांबवली, ‘नेक्स्ट’. २० पैकी १८. अख्खा वर्ग जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकला. मी त्या सरांना दोष देत नाही, वर्गात पोरं किती होती ते मला माहिती आहे. पण बघा ना, दहा वर्षांत एकदा पोरगं आणि मास्तर समोरासमोर बसतात, हातात २० मार्क असतात, आणि तरी संवाद काय, तर ‘नेक्स्ट’.

इथे कुणीतरी म्हणणारच की शिक्षकांनाच इंग्रजी येत नाही, तर ते ऐकणार काय. हे वाक्य मला फार स्वस्त वाटतं. माझ्या पहिलीच्या बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या, मराठीतून डीएड झालेल्या. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. बाई एका बाजूला बेरजा द्यायच्या आणि दुसऱ्या बाजूला ‘ए फॉर अ‍ॅपल’. मधेच खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, मधेच मतदार यादीचं काम, आता तर रोज कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरायची. त्यांना स्वतःला शेवटचं इंग्रजी बोलायची वेळ कधी आली असेल? मला नाही वाटत कधी आली असेल. ज्यांचं इंग्रजी कुणी ऐकलं नाही, त्यांच्यावर आपण आमचं ऐकायची जबाबदारी टाकली. बाईंनी मग जे जमतं ते केलं. वाक्य वाचलं, मराठीत अर्थ सांगितला, फळ्यावर उत्तर लिहिलं, आम्ही उतरवलं.

याच गोष्टीवर इलाज म्हणून २०१६ च्या सुमाराला राज्यात एक प्रकल्प आला होता. नाव ‘तेजस’. राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांचा. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे शिक्षकांचे छोटे गट, ‘टॅग’ म्हणायचे त्यांना. जवळपासच्या शाळांमधल्या प्राथमिक शिक्षकांनी ठरावीक दिवसांनी एकत्र यायचं, वर्गात काय करून बघितलं ते एकमेकांना सांगायचं, आणि मुख्य म्हणजे एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं. वरून कुणी तज्ज्ञ येऊन भाषण ठोकत नाही. हसायला कुणी नाही, कारण सगळेच एका माळेचे मणी. कल्पना इतकी साधी की त्यात फोटो काढण्यासारखंही फार काही नाही. पण प्रकल्प म्हटला की त्याला मुदत आलीच. शाळेतला इंग्रजीचा तास बिनमुदतीचा आहे, तर शिक्षकांची भेट मुदतीची का, हे मला कळत नाही. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरतेच की. त्यातला अर्धा तास परिपत्रकं कमी वाचली तर काय बिघडेल?

त्याऐवजी आपण काय केलं? बोर्ड बदलले. झेडपीच्या शाळांचा पट घसरायला लागला, गावात पिवळी बस यायला लागली, टाय लावलेली पोरं त्यात बसून तालुक्याला जायला लागली. मग आपल्याही शाळेवर ‘सेमी इंग्रजी’ लिहा, म्हणजे पट टिकेल. पट काही ठिकाणी टिकलाही असेल. मी स्वतः आठवीपासून सेमीची. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर सर पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचायचे आणि मराठीत समजावायचे, आणि परीक्षेत आम्ही ते इंग्रजी वाक्य पाठ करून लिहायचो. ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या मला आजही तोंडपाठ आहे. आमच्या परसातल्या आळूच्या पानात ते चालू असतं, हे मात्र मला फार उशिरा जाणवलं. सेमीला माझा विरोध नाही. पण इंग्रजीतून विज्ञान शिकायचं तर आधी इंग्रजीचा आधार हवा, त्यासाठी जादा वेळ हवा, आणि तो कुणी दिला नाही. उलट असं गृहीत धरलं की विज्ञान इंग्रजीत ठेवलं की इंग्रजी आपोआप येईल. विहिरीत ढकललं की पोहायला येतं, त्यातला प्रकार. पोहायला शिकवतानासुद्धा आमच्या गावात कमरेला डबा बांधतात.

माझी एक मावशी अमेरिकेत असते, न्यू जर्सीत. तिचा मुलगा पुण्याहून तिकडे गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता, पुण्यात मराठी शाळेत होता, इंग्रजी माझ्यासारखंच. तिथल्या सरकारी शाळेत नाव घालताना पहिला फॉर्म आला तो घरी कुठली भाषा बोलता याचा. मग त्याची एक चाचणी झाली आणि रोज ठरावीक वेळ त्याला एक वेगळी शिक्षिका मिळाली, फक्त इंग्रजीसाठी. मावशी घाबरून तिला म्हणाली, आम्ही आता घरीही इंग्रजीच बोलू. ती शिक्षिका म्हणाली, अजिबात नको, घरी मराठीच बोला, गोष्टी मराठीत सांगा, त्याच्या डोक्यात विचार पक्के असले की शब्द मी देते.

हे तिकडच्या लोकांचं मन मोठं आहे म्हणून झालेलं नाही. त्यासाठी भांडावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी कुटुंबांच्या मुलांना इंग्रजी समजत नव्हतं आणि शाळा त्यांच्यासाठी वेगळं काही करत नव्हती. पालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये, ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. त्याचा गाभा असा की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, त्याच सोयी दिल्या म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. मुलाला शिकवण्याची भाषाच कळत नसेल तर त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच आहे. तिथेही सगळ्या शाळा आदर्श नाहीत, हे मावशीच सांगते. आणि एक मोठा फरक आहेच. तिच्या मुलाला शाळेबाहेर पाऊल टाकलं की इंग्रजी, बसमध्ये इंग्रजी, मैदानावर इंग्रजी. आमच्या गावात शाळा सुटली की इंग्रजी दप्तरात. म्हणून तर वर्गातली ती पस्तीस-चाळीस मिनिटं जास्तच मोलाची. पण मला त्या गोष्टीतलं एकच उचलायचंय. मुलाला इंग्रजी येत नाही, हा तिथे शाळेपुढचा प्रश्न असतो. आपल्याकडे तो मुलाचा कमीपणा असतो, आणि तो मुलगा अठराव्या वर्षापर्यंत लपवत फिरतो.

मुलाच्या भाषेत आधी शिरायचं, हे आपल्याकडेही झालेलं आहे बरं का. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० ला ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ घेऊन आले, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटले. तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचं कौतुक झालं. पण त्या गोष्टीत त्याच्याही आधीची एक पायरी आहे. तिथल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, पुस्तकं वेगळ्या भाषेत. गुरुजी आधी कन्नड शिकले. पुस्तकांचं जे काही केलं ते त्यानंतर. आपण क्यूआर कोड तेवढा उचलला, कारण तो छापता येतो. मेळघाटात कोरकू बोलणारी, नंदुरबारला भिली बोलणारी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी पोरं पहिलीत येतात तेव्हा त्यांना पुस्तकातली मराठीच नवी असते, त्यावर इंग्रजी. आपण ज्याला दुसरी भाषा म्हणतो ती त्यांची तिसरी किंवा चौथी. तिथे कन्नड शिकलेल्या गुरुजींची गोष्ट जास्त कामाची आहे.

म्हणून इंग्रजीच्या तासाला मराठी बोलली म्हणून दंड, पाच रुपये, असले नियम ऐकले की माझं डोकं फिरतं. मराठी ही त्या तासातली चोर नाही, शिडी आहे. आणि दुसरीकडे ‘इंग्रजी आलं की मराठी मेली’ म्हणणाऱ्या काकांचाही मला कंटाळा आलाय. त्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत ते एकदा विचारा.

या पानासाठी हा विषय घ्यायचा ठरला तेव्हा पुरवणीच्या ताईंनी एकच अट घातली. आधी एखाद्या शाळेत जाऊन बस, मग लिही. मी एका झेडपीच्या शाळेत गेले. नाव लिहीत नाही, मॅडमनीच नको म्हटलंय, नाहीतर उद्यापासून भेटी देणाऱ्यांची रांग लागेल म्हणाल्या. तिसरी आणि चौथी एकत्र, एकवीस पोरं. मला वाटलं होतं ‘इंडिया इज माय कंट्री’ ऐकवतील. तसं काही झालं नाही. मॅडमनी रोज परिपाठानंतर दहा मिनिटं ठेवलीत, त्यांना पोरं ‘बातमी’ म्हणतात. कुणीही उठायचं आणि काल घरी काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. जमेल तसं. मधे मराठी आली तरी चालेल.

एक मुलगा उठला. चड्डीला हात पुसले आणि म्हणाला, ‘मॅडम, माय गोट टू बेबी.’

मी दचकून मॅडमकडे बघितलं. आता चूक दुरुस्त होणार, फळ्यावर ‘हॅज’ लिहिला जाणार, सगळे पाच वेळा म्हणणार. मॅडमचे डोळे मोठे झाले. ‘ओ! युवर गोट हॅज टू बेबीज! व्हॉट कलर?’ मुलगा म्हणाला, ‘वन ब्लॅक. वन ब्लॅक-व्हाइट.’ मागून एक मुलगी ओरडली, ‘मॅडम, आय सॉ! व्हेरी छोटे!’ मॅडम म्हणाल्या, ‘येस, व्हेरी स्मॉल. डू दे ड्रिंक मिल्क?’ मुलगा जरा थांबला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाला, ‘ब्लॅक ड्रिंक. ब्लॅक-व्हाइट नो ड्रिंक. माय मदर...’ आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून त्याने बोटाने दूध चाटवायची अ‍ॅक्शन केली. ‘युवर मदर फीड्स इट,’ मॅडम म्हणाल्या. ‘फीड्स,’ तो म्हणाला, आणि खाली बसला. ‘फीड्स’ हा शब्द त्याला कुणी पाठ करायला दिलेला नव्हता. त्याला तो हवा होता.

मधल्या सुट्टीत मी मॅडमना विचारलं की चूक का नाही सांगितली. त्या म्हणाल्या, सांगितली की, मी बरोबर वाक्य म्हटलं ना परत. तो करडांची बातमी सांगत होता, व्याकरण नव्हता सांगत. मग थोडं थांबून म्हणाल्या, माझंही इंग्रजी काही फार भारी नाही, आधी मी घरी आरशासमोर दहा मिनिटं बोलायचे, आता पोरांसमोर बोलते. मी ‘याचं कुठे प्रशिक्षण घेतलंत का’ असं विचारलं तर हसल्या. आमच्या केंद्रातल्या चार जणी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना इंग्रजीत आवाजी मेसेज पाठवतो, एवढंच. कुणाच्या योजनेत नाही ते. कुठल्या फॉर्ममध्ये भरायला त्याचा रकानाही नाही.

मला विचाराल तर ‘इंग्रजीसाठी सरकारी शाळांनी काय करावं’ याचं माझं उत्तर याहून मोठं नाही. दिवसाची दहा मिनिटं, मुलाची स्वतःची बातमी, चुकलं तरी थांबून ऐकणारा एक माणूस. आणि त्या माणसाचंही कुणीतरी ऐकेल अशी महिन्यातून एक बैठक, जी प्रकल्प संपला म्हणून संपणार नाही. आणि दहावीच्या २० मार्कांत ‘नेक्स्ट’ म्हणण्याआधी एक खरा प्रश्न. यासाठी इमारत लागत नाही, टॅब लागत नाही, बोर्ड रंगवायला लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नसेल. उद्घाटन कशाचं करणार?

तुम्ही कॉलेजात असाल, घरी झेडपीत किंवा महापालिकेच्या शाळेत जाणारा भाऊ-बहीण, शेजारचं पोरगं असेल, तर आज त्याला ‘इंग्रजीत किती मार्क’ असं विचारू नका. आज काय झालं ते विचारा, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुम्हीही तुमचं सांगा. मी भावाबरोबर सुरू केलंय. पहिले चार दिवस आम्ही नुसते हसलो. पाचव्या दिवशी त्याने मला इंग्रजीत शिवी दिली. प्रगती आहे.

त्या शाळेतून निघताना करडांवाला मुलगा गेटपर्यंत आला. मला वाटलं पेन वगैरे मागेल. त्याने मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, यू गोट?’

मी म्हटलं, ‘नो. नो गोट.’

‘ओ,’ तो म्हणाला, अगदी त्याच्या मॅडमसारखा, आणि माझ्याकडे जरा दयेने बघत वर्गात पळाला.